पळवलेला साचा

माझे वडील गिरणीच्या साचाखात्यात होते. साचा म्हणजे कापड विणायचा माग. पण लालबाग-परळमध्ये त्याला माग कोणी म्हणत नसे. वडील असे चार साचे सांभाळायचे. मी त्यांना ते काम करताना पाहिलेलं नाही. ब्याऐंशीचा गिरणी संप सुरू झाला तेव्हा मी दोन वर्षांचा होतो. संप संपला असं आमच्या घरात कोणी कधी म्हणालं नाही, त्यामुळे तो नक्की कधी संपला हे मला सांगता येणार नाही. मला कळायला लागलं तेव्हा वडील ठाकूरद्वारच्या एका जुन्या ऑफिसच्या इमारतीत लिफ्टमन होते. खाकी शर्ट घालून, पिशवीत डबा टाकून सकाळी बसने जायचे आणि संध्याकाळी तसेच परत यायचे. लिफ्टबद्दल ते घरी काही बोलत नसत.

नोकरी गेली तरी एक गोष्ट त्यांच्याकडे राहिली होती. त्यांना मशीन कळायचं, आणि ते कळतं हे चाळीत सगळ्यांना माहीत होतं. कोणाचा स्टो भकभकायला लागला, कोणाच्या शिलाई मशीनचा टाका सुटायला लागला, की माणसं आमच्या दारात यायची. वडील आधी कान लावायचे, मग तळहात ठेवायचे, आणि मग कुठे पाना हातात घ्यायचे. त्या दिवशी त्यांचा आवाज जरा मोठा व्हायचा. आई म्हणायची, आज जेवतीलही नीट.

ही एक गोष्टही पुढे त्यांच्याकडून गेली. ती कशी गेली ते मला लिहायचं आहे, कारण ती माझ्यामुळे गेली आणि हे मी फार दिवस कोणाला सांगितलं नाही.

मी तेव्हा डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे कॉलेजात काय विचारायचं असतं आणि काय आपलं आपण समजून घ्यायचं असतं, हे मला कधी नीट कळलं नाही. प्रोजेक्ट निवडताना मी जरा जास्तच मोठं निवडलं. हाताने लिहिलेलं देवनागरी अक्षर कंप्यूटरने ओळखायचं, असा प्रोग्रॅम. सरांनी चष्म्यावरून बघत विचारलं, ‘झेपेल?’ मी ‘हो सर’ म्हणालो. नाही म्हणता येतं हे मला माहीत नव्हतं.

चाळीतल्या वीसेक जणांकडून मी चौकटीच्या कागदावर अक्षरं लिहून घेतली. आता ती हजारो अक्षरं प्रोग्रॅमला पुन्हा पुन्हा दाखवायची होती, म्हणजे तो शिकला असता. कॉलेजच्या लॅबमध्ये दिवसाला एक तास मिळायचा. माझ्या हिशेबाने या कामाला मशीन सलग तीन दिवस चालायला हवं होतं. म्हणून घरी कंप्यूटर आणायचं ठरलं. आईने त्यासाठी काय केलं ते मी इथे लिहीत नाही. तिला ते आवडणार नाही.

दादरला राहणारा माझा एक वर्गमित्र होता. त्याचे आजोबा, वडील, सगळे ऑफिसात काम करणारे. त्याच्या घरी कंप्यूटरला वेगळी खोली होती. त्यानेच मला पहिल्यांदा ओव्हरक्लॉकिंगबद्दल सांगितलं.

‘हे बघ, तीनशे लिहिलंय म्हणून प्रोसेसर तीनशेनेच पळतो असं नाही,’ तो म्हणाला. ‘मदरबोर्ड त्याला ठोके देतो. सेकंदाला सहासष्ट मिलियन. ते ठोके आपण शंभर करायचे. तीनशेचा होतो साडेचारशे. फुकट!’

‘काही होत नाही त्याला?’

‘गरम होतो. थोडे व्होल्ट जास्त द्यावे लागतात. पण ऐक, प्रोसेसर स्वस्तातला घे, बोर्ड मात्र चांगला घे. सगळं बोर्डावर आहे रे. बोर्ड फडतूस असला ना, की रेसचा घोडा आणून टांग्याला बांधल्यासारखं होतं.’

‘चांगला बोर्ड ओळखायचा कसा?’

‘मी येतो ना बरोबर,’ तो म्हणाला. पण त्या रविवारी त्याच्याकडे कोणाची तरी मुंज निघाली, आणि माझ्याबरोबर वडील आले.

खरं सांगायचं तर मला ते यायला नको होते. लॅमिंग्टन रोडच्या त्या दुकानात पोरं भराभर बोलत होती, आणि वडील इस्त्रीचा शर्ट घालून, चपला दाराबाहेर काढून आत आले होते. चपला कोणीच काढल्या नव्हत्या. मी त्यांना ‘घाला’ म्हणालो नाही. दुसरीकडे बघत राहिलो.

दुकानदाराने काउंटरवर दोन बोर्ड ठेवले. एक मोठा, जड, महागातला. त्यात व्होल्ट आणि ठोके, दोन्ही स्क्रीनवरच्या मेनूतून बदलता येत होते. प्रोसेसरच्या खाचेजवळ कपॅसिटरची जाड नळकांडी दाटीने उभी होती. दुसरा अरुंद आणि हलका. त्यावर कपॅसिटर मोजून सहा. व्होल्ट बदलायची सोय नाही. प्रोसेसर जे मागेल ते तो देणार. पण तो घेतला तर मेमरी दुप्पट घेता येत होती, आणि माझ्या डोक्यात मेमरी बसली होती.

वडिलांनी विचारलं, ‘हात लावू?’ दुकानदार हसून म्हणाला, ‘लगाओ लगाओ, अंकल.’ त्यांनी अरुंद बोर्ड दोन्ही हातांच्या बोटांवर अलगद धरला, कडेला अंगठा ठेवला आणि जरासा दाबला. बोर्ड लवला. मग मोठा उचलला, दाबला. तो लवला नाही.

‘झिला, ह्यो घे,’ ते मोठ्या बोर्डाकडे बोट दाखवून म्हणाले. ‘तुका साचो पळवचो आसा ना? मगे आदी सांगाडो बघूक होयो. सांगाडो लवता तर साचो पळाचा नाय.’

आमच्या बाजूला उभी असलेली दोन मुलं हसली. दुकानदार म्हणाला, ‘अंकल, टेबल नहीं ले रहे, कंप्यूटर है ये. इसमें कुछ हिलता ही नहीं.’

आता विचार करतो तेव्हा वाटतं, मित्र आणि वडील एकच गोष्ट सांगत होते. मित्राचं मी ऐकलं असतं. पण त्या हसण्यामुळे माझे कान तापले, आणि मी जरा जोरातच म्हणालो, ‘बाबा, ते तसं नसतं. यात जाडीचा काही संबंध नाही.’

त्यांनी बोर्ड दोन्ही हातांनी काउंटरवर ठेवला. ‘तुका कळता,’ म्हणाले. ‘तू शिकलंस.’

आम्ही अरुंद बोर्ड घेऊन आलो.

त्या बोर्डावर ठोके वाढवायला मित्राने एक युक्ती सांगितली. प्रोसेसर तेव्हा एका पट्टीवर बसवलेला यायचा आणि पट्टीच्या कडेला सोनेरी दात असायचे. त्यातला एक ठराविक दात चिकटपट्टीने झाकला की बोर्डाला वाटतं, हा शंभर ठोक्यांचाच प्रोसेसर आहे. आणखी काही दात झाकले की दोन व्होल्टच्या जागी दोन पूर्णांक दोन देतो. म्हणजे बोर्डाला फसवायचं. मी ब्लेडने तांदळाच्या दाण्याएवढी पट्टी कापली आणि भिंग लावून चिकटवली. वडील समोर बसून, श्वास रोखून बघत होते. पहिल्या वेळी काही झालं नाही. दुसऱ्या वेळी स्क्रीनवर साडेचारशे उमटलं.

‘पळालो?’ वडिलांनी विचारलं.

‘पळाला.’

त्यांनी आईला हाक मारली. आई मोरीतून ओल्या हाताने आली, साडेचारशेकडे बघितलं आणि म्हणाली, ‘पोळ्या लाटता का तो?’

नंतरचे तीन-चार आठवडे आमच्या खोलीत कंप्यूटरला साचाच म्हणत. वडिलांनी त्याच्यासाठी लाकडी खोक्याची बैठक केली, चारी कोपऱ्यांना सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे लावले. पेटीची एक बाजू आम्ही उघडीच ठेवली होती, आणि घरातला टेबलफॅन तिच्याकडे तोंड करून होता. आई पदराने वारा घ्यायची, पण फॅन फिरव असं एकदाही म्हणाली नाही.

साडेचारशेवर मशीन दिवसातून दोन-तीनदा अडकायचं. हँग होणं म्हणजे काय ते मी वडिलांना समजावलं. त्यांनी ते त्यांच्या पद्धतीने घेतलं. संध्याकाळी ड्युटीवरून आले की खाकी शर्टाची बटणं काढता काढता विचारायचे, ‘आज धागे किती तुटले?’ मी म्हणायचो, ‘दोन.’ ते म्हणायचे, ‘दोन म्हणजे बरा आसा. आमच्याकडे जॉबर पुली बदलून साचे पळवी, तेव्हा पाळीक शंभर तुटत.’

जॉबर म्हणजे खात्यातला मुकादम. मग ते गिरणीबद्दल बोलायचे. अठरा वर्षांत मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं इतकं त्या महिन्यात ऐकलं. साचे पळवले की आडवं सूत नेणारा लाकडी धोटा कसा उडून माणसाच्या कपाळावर बसे. हजेरी भरलेली असली तरी बदली कामगार दारात कसे उभे राहत. साचाखात्याच्या खिडक्या कधी उघडत नसत, कारण सुक्या हवेत सूत तुटतं. म्हणून आत पाण्याचा फवारा चालू असे, जमिनीवर पाणी मारत, आणि माणसं बनियनवर घामाने आणि त्या पाण्याने भिजून काम करत. ‘साच्याक दमट होया,’ ते म्हणाले. ‘हवा सुकली की संपला.’

एकदा असंच बोलता बोलता त्यांनी विचारलं, ‘ह्याका पण दमट लागत असतला?’

मी प्रोग्रॅममधली एक चूक शोधत होतो. मी ‘हं’ म्हणालो. नुसता हुंकार. तो मला आठवतो याचं कारण नंतर मी तो फार वेळा आठवलाय.

प्रोजेक्ट दाखवायला तीन दिवस राहिले. साडेचारशेवर प्रोग्रॅम दोन दिवस सलग चालायला हवा होता, आणि तो मधेच अडकला की सगळं पहिल्यापासून. शिकलेलं मधे मधे जतन करून ठेवायचं असतं, हे मला सुचलंच नव्हतं. पहिल्या दिवशी तो दुपारी अडकला. परत सुरू केला. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघतो तर स्क्रीन गोठलेली.

मी घाबरलो. वर्ष जाणार, असं वाटलं. मग मी एक गोष्ट केली. प्रोसेसरची पट्टी काढली आणि व्होल्टचा आणखी एक दात झाकला. दोन पूर्णांक चार, म्हणजे मशीन अडकायचं थांबेल. मित्राने मला बजावलं होतं, ‘चार कधी करू नको, तुझा बोर्ड तेवढं झेलणार नाही.’ मी केलं. मशीन सुरू झालं आणि छान चाललं. पंधरा-वीस मिनिटांनी मला एक वास आला, जळका पण गोडसर, मासळीसारखा. वाकून पाहिलं तर त्या सहापैकी दोन कपॅसिटरची डोकी फुगली होती, आणि एकाच्या टाळूवर तपकिरी थेंब आला होता.

हे मी पाहिलं. हे मला स्वच्छ आठवतंय, त्यामुळे यात ‘कदाचित’ लिहायला जागा नाही. मशीन बंद करायला हवं होतं. पण चाललंय तोवर चालू दे, दोन दिवसांचाच प्रश्न आहे, असं म्हणून मी उठलो. मला रिपोर्टवर सरांची सही आणायला कॉलेजात जायचं होतं.

वडिलांची त्या दिवशी सुट्टी होती. मी त्यांना म्हणालो, ‘बाबा, लक्ष ठेवा. कोणाला हात लावू देऊ नका. आणि काही झालं तरी बंद करू नका.’

‘मी हंयच बसतंय,’ ते म्हणाले, आणि खरंच स्टूल ओढून त्याच्यासमोर बसले.

दुपारी मी परत आलो तेव्हा गॅलरीतच माणसं दिसली. खोलीचं दार उघडं होतं. खोलीच्या दोन्ही खिडक्या बंद, टेबलफॅनसमोर दोरी बांधून तिच्यावर ओलं गोणपाट टाकलेलं, दुसरं गोणपाट पेटीच्या मागे. जमिनीवर पाणी शिंपडलेलं. मधे स्क्रीन काळी पडून पेटी गप्प होती, आणि तो वास आता सगळ्या खोलीत होता. वडील उभे होते. त्यांच्या बनियनला घाम आणि पाणी, दोन्ही होतं.

‘लय तापलो होतो रे,’ ते म्हणाले. ‘माका आवाजावरून समाजला. म्हणून मी जरा दमट केलंय. तेच्यावर एक थेंब पडूक दिलंय नाय. बाजूकच धरलंय. आणि मगे फट्ट करून...’

मी त्यांना पुढे बोलू दिलं नाही.

‘तुम्हाला कोणी सांगितलं होतं पाणी मारायला? ही काय गिरणी आहे?’

‘अरे, तूच म्हणालंस दमट...’

‘मी? मी कधी म्हणालो?’ मी ओरडलो. गॅलरीतली माणसं ऐकत होती, आणि ती ऐकताहेत म्हणूनच मी आणखी मोठ्याने बोललो. ‘गिरणी घालवलीत, आता हेही घालवलंत.’

आई म्हणाली, ‘अरे!’ एवढंच. कोणीतरी दारातून बाजूला झालं. वडिलांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यांनी गोणपाटं काढली, मोरीत नेऊन पिळली, जमीन पुसून घेतली आणि शर्ट घालून खाली गेले.

संध्याकाळी मी बोर्ड काढून, वर्तमानपत्रात गुंडाळून मित्राकडे दादरला नेला. त्याने टेबललँपखाली धरला. बराच वेळ उलटसुलट करून बघितला.

‘पाणी?’ तो म्हणाला. ‘कुठाय पाणी? एक डाग नाही रे. हे बघ, कपॅसिटर फुटलेत. आणि हे इथे, व्होल्ट देणारा भागच जळलाय.’ मग त्याने प्रोसेसरची पट्टी घेतली, दात बघितले, आणि वर माझ्याकडे बघितलं. ‘चार केलंस?’

मी टेबलावरचं वर्तमानपत्र गोळा करायला लागलो.

‘गाढव आहेस,’ तो हळू म्हणाला. ‘हा बोर्ड असाही गेलाच असता. बघ ना, किती पातळ आहे.’ आणि त्याने कडेला अंगठा ठेवून तो जरासा लववून दाखवला.

प्रोसेसर मात्र वाचला होता, आणि वर्षही वाचलं. मित्राने आपलं मशीन मला दोन दिवस दिलं. ते साध्या वेगानेच चालायचं, पण अडकायचं नाही. मी अर्धीच अक्षरं घेतली, दर तासाला जतन करायची सोय केली. तोंडी परीक्षेत माझा प्रोग्रॅम ‘भ’ला ‘म’ म्हणाला. सर म्हणाले, ‘ठीक आहे, चाललाय ना?’ मी पास झालो. ज्याच्या भीतीने मी ते सगळं केलं, ते घडणार नव्हतंच.

पण त्या संध्याकाळचं अजून सांगायचं राहिलंय. दादरहून परत आलो तेव्हा वडील गॅलरीत कठड्याला टेकून उभे होते. माझीच वाट बघत असणार. मला बघून लगेच विचारलं नाही. मी चपला काढेपर्यंत थांबले.

‘काय म्हणालो तो?’

‘बोर्ड गेला.’

‘पाण्यान?’

त्या वेळी मी काय काय म्हणू शकलो असतो, ते मला पाठ आहे. पाण्याने नाही बाबा, माझ्यामुळे. तुम्ही म्हणालात तोच बोर्ड घ्यायला हवा होता. तुम्हाला आवाजावरून कळलं ते बरोबर होतं. तो खरंच तापला होता. यातलं एक वाक्य पुरलं असतं. पण मी एवढ्या माणसांसमोर ओरडलो होतो, आणि ते वाक्य बोललो असतो तर मला ते ओरडणंही परत घ्यावं लागलं असतं.

मी म्हणालो, ‘हो.’

वडिलांनी मान हलवली. मग म्हणाले, ‘तरी माका वाटला होता.’ आत जाऊन त्यांनी ट्यूबचे तुकडे लावलेली ती लाकडी बैठक उचलली आणि माळ्यावर टाकली.

आठवड्याभराने शेजारच्या काकी शिलाई मशीन घेऊन आल्या. ‘भाऊजी, जरा बघता काय? टाका सुटता परत.’

वडील पेपर वाचत होते. ‘दुकानात दी वयनी,’ ते म्हणाले. ‘ह्या आता माका जमना नाय.’

‘अहो, मागच्या टायमाक तुम्हीच तर केलास!’

‘तेव्हा केलंय. आता नाय जमत.’

काकींना वाटलं, त्यांना बरं नसेल. त्या आणखी एकदा आल्या, नंतर कोणी दुसरं आलं, आणि मग माणसं यायची थांबली. चाळीत तो विषय वडिलांसमोर कधी निघाला नाही. पण त्या दुपारी गॅलरीत जी माणसं होती, त्यांनी इतरांना सांगितलं असणारच. पोराचा कंप्यूटर पाणी मारून घालवला. ऐकणारे हसलेही असतील. मी स्वतः चाळीत कोणाला तरी त्यावर हसताना ऐकलं होतं आणि तेव्हाही गप्प बसलो होतो. पान्यांची पेटी त्यांनी गावी जाणाऱ्या एका नातेवाइकाला देऊन टाकली. आईने विचारलं तेव्हा म्हणाले, ‘हंय कशाक होयी?’

पुढे मला डिग्रीला प्रवेश मिळाला. ठाकूरद्वारच्या इमारतीत बटणांची नवी लिफ्ट बसली, आणि वडील आता तिच्यासमोर स्टुलावर बसून येणाऱ्याजाणाऱ्यांची नावं वहीत लिहून घेतात. माझं हे शेवटचं वर्ष आहे. गेल्या महिन्यात मी ठरवलं की त्यांना सांगायचं. कॉलेजात रोज काहीतरी शिकतो, मुलांना शिकवण्या देतो, आणि ही एक गोष्ट तशीच पडलेली होती. रविवारी दुपारी जेवण झाल्यावर ते कॉटवर बसले होते. मी समोर जमिनीवर बसलो.

‘बाबा, तो बोर्ड पाण्याने गेला नव्हता.’

‘खंयचो बोर्ड?’

‘तो... कंप्यूटरचा. डिप्लोमाच्या वेळी. तुम्ही गोणपाट लावलं होतं.’

त्यांनी थोडा विचार केला. ‘तो होय,’ म्हणाले.

मी सगळं सांगितलं. व्होल्ट, झाकलेला दात, फुगलेली डोकी, सकाळी आलेला वास, मित्राने काय सांगितलं ते, आणि मी गॅलरीत काय म्हणालो ते. मी कॉलेजातलं काही सांगायला लागलो की ते जसे ऐकतात, तोंड जरा उघडं ठेवून, मान हलवत, तसेच ऐकत होते. मी म्हणालो, ‘तुमचं बरोबर होतं, बाबा. बोर्ड लवत होता.’

‘असतला,’ ते म्हणाले. ‘तुका कळता ता.’

मला वाटलं, आणखी काही म्हणतील. रागावतील. मला ते हवं होतं. पण ते दारातून बाहेर बघायला लागले.

तेवढ्यात मोरीजवळ आईने वॉशिंग मशीन लावलं. शिकवण्यांच्या पैशांतून मी ते जुनं, वापरलेलं आणलंय. कपडे पिळायला लागलं की ते थडथडतं आणि फरशीवरून हळूहळू पुढे सरकतं. आई त्याला एका हाताने धरून म्हणाली, ‘बघ रे, आज लयच नाचता.’

मी उठलो. वाकून बघितलं, काही कळलं नाही. वडिलांकडे वळलो तर ते मशीनच्या खालच्या एका कोपऱ्याकडे बघत होते. मान थोडी कलती, कान त्या बाजूला.

‘बाबा, कुठला पाय अधांतरी आहे?’

त्यांनी नजर काढून घेतली. ‘माका काय विचारतंस? मेकॅनिकाक बोलव.’

‘सांगा ना. तुम्हाला दिसलंय.’

‘माका काय दिसना नाय, झिला.’

मी वहीचा पुठ्ठा फाडून त्याची घडी केली आणि मशीनसमोर उकिडवा बसलो. पहिल्या पायाखाली घातली. थडथड वाढली. मागे कॉटवर वडिलांचा हात मांडीवरून उचलला गेला. मला तो कपाटाच्या आरशात दिसत होता. तसाच हवेत थोडा वेळ राहिला, आणि त्यांनी तो परत मांडीवर ठेवला. मी घडी काढली आणि दुसऱ्या पायाखाली घालून बघायला लागलो.